शाईतला डोंगर पाहताना

एकरंगी निसर्गचित्रासमोर उभे राहिलात की आधी डोंगर सोडा, कोरा कागद पाहा. शाईच्या चित्रात धुकं बहुतेक वेळा रंगवलेलं नसतंच, ती न रंगवता राखलेली जागा असते. मग डोळे किंचित मिटून घ्या. बारकावे पुसट होतील आणि गडद-फिकट थर सुटे दिसू लागतील. जवळचा कडा काळाभोर, मागची रांग पाण्याने पातळ केलेल्या शाईची, त्यामागची जेमतेम सावलीएवढी. प्रत्यक्षातही लांबचे डोंगर असेच फिकट दिसतात, कारण मधली हवा प्रकाश विखुरते.

अकराव्या शतकातला चिनी चित्रकार ग्वो शी याने डोंगराची तीन अंतरं सांगितली होती: पायथ्याहून शिखराकडे, समोरून मागच्या डोंगरांच्या आत आणि जवळच्या डोंगरावरून दूरवर. नजर या तीन वाटांनी सावकाश फिरवा. मला स्वतःला दुसरी वाट सर्वांत आवडते, तिथे चित्राची शांतता खरी जाणवते. त्याचं १०७२ सालचं ‘वसंतारंभ’ हे चित्र या सरावासाठी उत्तम.

शेवटी एखादी इवलीशी माणसाची आकृती शोधा. ती सापडली की डोंगर एकदम प्रचंड होतो.