आतड्याची सूज आणि उतरतं वजन: पथ्यपाण्यातल्या या चुका टाळा

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार असलेल्या माणसाचं वजन दोन वाटांनी उतरतं. सूज जोरात असली की भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही. ती वाट औषधानेच बंद होते. दुसरी वाट स्वयंपाकघरातून जाते. आधी मिरची सुटते, मग दूध, मग वातूळ म्हणून डाळ, मग वांगं, तेल, शेवटी भाकर. भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा यादीत एक जिन्नस वाढवून जातो, कमी कोणीच करत नाही. औषध लागू पडलं, रक्त थांबलं, तरी वजन हलत नसेल तर आधी ही यादी तपासा.

पेजेवर महिना काढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दिवसभरात १०० ग्रॅम तांदळाची पेज पोटात गेली, तर जेमतेम ३५० कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आजार उसळलेला असताना शरीराला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. उरलेली तूट शरीर स्वतःच्या स्नायूंतून भरून काढतं. दंड आणि मांड्या आधी वाळतात ते यामुळे.

गरज भागवायला महागडी ताकदीची पावडर लागत नाही. डब्यामागचा तक्ता वाचा, अनेक डब्यांत पहिला घटक साखर किंवा माल्टच निघतो. त्यापेक्षा हा हिशेब करा: दोन उकडलेली अंडी १२ ग्रॅम, ६० ग्रॅम मूगडाळीचं घट्ट वरण सुमारे १४, ४०० ग्रॅम ताजं दही सुमारे १४, आणि दिवसभराचं २५० ग्रॅम तांदूळ किंवा कणीक मिळून २० च्या आसपास. झाले ६०. अंडं चालत नसेल तर ७० ग्रॅम पनीर घ्या. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत तळ्याची मासोळी मिळते, तिचे काटे काढून मऊ शिजवलेले १०० ग्रॅम तुकडे १८ ते २० ग्रॅम देतात. डाळीचं वरचं पाणी आजाऱ्याला आणि खालची डाळ बाकीच्यांना, ही वाटणी उलटी करा. प्रथिनं खाली बसलेल्या डाळीत असतात.

हे सगळं दोन जेवणांत बसत नाही. दर अडीच-तीन तासांनी वाटीभर, असे सहा वेळा खा. दर वाटीत चमचाभर तूप टाकलं की प्रत्येक वेळी ४५ कॅलरी वाढतात. मात्र त्यानंतर संडास चकचकीत, चिकट होऊन भांड्याला धरून राहत असेल तर तूप थांबवा आणि डॉक्टरांना सांगा. स्निग्ध पदार्थ पचत नसल्याची ती खूण असते.

भाकर कायमची सोडणं, किंवा कधीच न सोडणं

ज्वारीच्या कोंड्याने उसळलेल्या आतड्याला त्रास होतो. म्हणून रक्त आणि वारंवार संडास चालू असेपर्यंत मऊ भात किंवा पातळ पोळी बरी. पण आजार शांत झाल्यावरही भाकर बंदच ठेवली तर तंतू मिळत नाहीत आणि जेवण तोकडं पडतं. आधी पीठ बारीक चाळणीने चाळून अर्धी भाकर, तीन दिवस तेवढीच. त्रास नसला तर पूर्ण. एका वेळी एकच नवा पदार्थ. भाकर, दूध आणि वांग्याची भाजी एकाच दिवशी सुरू केली आणि पोट बिघडलं, तर दोष कोणाला देणार?

दुधाचंही तसंच. प्रत्येकाने दूध सोडायची गरज नसते. दोन आठवडे बंद करून पाहा, पुन्हा अर्धा कप सुरू करून पाहा. फरक पडला तरच सोडा. दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना दही-ताक सोसतं. मिरचीने आतड्याला जखम होत नाही, पण उसळीच्या काळात तर्रीने आग आणि धावपळ नक्की वाढते. सावजी रस्सा सुटला म्हणून कोणी वाळत नाही. डाळ सुटली की वाळतो.

आतडं अरुंद असताना संत्रं चोखून न खाता गिळणं

क्रोन्समध्ये आतड्याचा एखादा भाग आकसलेला असू शकतो. तुमच्या स्कॅनच्या कागदावर ‘स्ट्रिक्चर’ लिहिलंय का, विचारून घ्या. असेल तर वरचा भाकरीचा सल्ला तुमच्यासाठी नाही; डॉक्टर सांगतील तितकेच तंतू घ्या. संत्र्याची फोड आख्खी गिळू नका. फोडीवरचा पांढरा पडदा आणि धागे पचत नाहीत, अरुंद जागी त्यांचा गोळा होऊन मार्ग बंद पडू शकतो. फोड सोलून आतला गर खा किंवा रस गाळून प्या. मक्याचं कणीस, आख्खे फल्लीदाणे, बोरं, पोपटाच्या (वालाच्या) शेंगांचे टरफलासकट दाणे यांचंही तेच. इसबगोलही अशा वेळी विचारल्याशिवाय घेऊ नका, ते पाण्यात फुगतं.

रोज काट्यावर उभं राहणं

जुलाबात एका दिवसात दीड-दोन किलो उतरले तर ते मुख्यतः पाणी असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आठवड्यातून एकदाच, सकाळी संडासहून आल्यावर, काही न खाता, त्याच काट्यावर वजन करा. काटा नसेल तर आरोग्य उपकेंद्रात जा. सहा महिन्यांत प्रयत्न न करता ५ टक्के, म्हणजे ६० किलोत ३ किलो उतरले, तर डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की घाम आणि जुलाब दोन्हीकडून पाणी जातं. ओआरएसची एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच कालवा, पेल्यात चिमूटभर टाकू नका. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

स्टेरॉइडने भरलेल्या गालांना तब्येत समजणं

प्रेडनिसोलोन सुरू झालं की भूक खवळते, चेहरा गोल होतो, घरचे खूश होतात. त्यातलं बरंचसं पाणी आणि चरबी असते. नडगीवर अंगठा १० सेकंद दाबा. खळगा राहिला तर ती सूज आहे. खारोड्या, पापड, लोणचं कमी करा, रक्तातली साखर तपासा. गोळी सकाळी खाल्ल्यावर घ्या. चेहरा सुजला म्हणून ती एकदम बंद करणं मात्र धोक्याचं आहे. बरेच दिवस ही गोळी घेतल्यावर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड मंदावलेलं असतं, म्हणून डोस टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो.

मेडिकलमधून मिळेल ती गोळी

कापूस वेचणीत कंबर धरली की डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं जातं. या गोळ्यांनी आजार पुन्हा उसळू शकतो. अंगदुखीला पॅरासिटामॉल मागा. आव पडली म्हणून दर वेळी मेट्रोनिडाझोल घेणंही चुकीचं, आधी संडासची तपासणी करा.

हिमोग्लोबिन कमी निघालं की लोहाच्या गोळ्या सुरू होतात. विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, त्यामुळे आधी ती तपासणी आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. सूज असताना फेरिटिन १०० च्या आत असलं तरी लोह कमी असू शकतं. गोळी आणि चहा यांत किमान एक तास ठेवा. आतड्याच्या सुजेवरची सल्फासॅलाझिन ही गोळी चालू असेल तर फॉलिक ॲसिडची गोळी सोबत आहे का, बघा.

दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि ताप किंवा धडधड, पोट फुगून उलट्या आणि वाराही न सरणं, यांपैकी काहीही झालं तर घरचे उपाय थांबवा आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि वजनाची वही सोबत घ्या.