नाशिकची वाइन, चाळीसगावचं शेत: दोन मुक्कामांचा बेत

वाइनचे बाग नाशिकला आणि भरीत जळगावचं. मध्ये जवळपास अडीचशे किलोमीटर रस्ता. दोन्ही एकाच दिवसात उरकायला गेलं की बेत फसतो: संध्याकाळी पाचला वाइन चाखणं (टेस्टिंग) संपतं, मग अंधारात परतीचा रस्ता, रात्री दहाला टॉर्चच्या उजेडात तंबू. म्हणून चाखायचा मुक्काम नाशिकला आणि तंबूचा मुक्काम खान्देशात, दुसऱ्या रात्री. इथली मापं सहा जणांची आहेत. त्यातला एक जण गाडी चालवणारा, तो पहिल्या दिवशी पीत नाही.

केव्हा जायचं

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा शेवट. द्राक्षाची एप्रिलात खरड छाटणी होते, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते. तेव्हा वेलीवर घड असतात, वायनरीत, म्हणजे वाइनच्या कारखान्यात, द्राक्षांचं गाळप चालू असतं, आणि खाण्याच्या थॉम्पसनपेक्षा वाइनचं द्राक्ष किती बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं ते हातात घेऊन कळतं. मे महिन्यात गेलात तर नुसती पानं बघाल.

खान्देशच्या बाजूनेही हेच दिवस बरे. चंपाषष्ठी होऊन गेलेली असते, त्यामुळे वांग्याला घरात कोणाची ना नसते. भरिताची वांगी ऐन भरात, कपाशी निघालेली आणि बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, ढीग. थंडी मात्र खरी असते. लाट आली की धुळ्या-जळगावकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पातळ चादरीवर भागत नाही.

रस्ता

शुक्रवारी सकाळी सहाला जळगाव सोडा. पाचोरा, भडगाव करत चाळीसगाव शंभरेक किलोमीटर. तिथल्या शेतावर तंबू, पाण्याचे जार, भांडी उतरवून टाका. गाडी मोकळी होते आणि परतताना बाटल्यांना जागा राहते. पुढे नांदगाव, मनमाड, चांदवड आणि मुंबई-आग्रा रोडने नाशिक. धुळेकरांनी सरळ मालेगाव-चांदवड धरावं. शुक्रवारी जाण्याचं कारण साधं आहे: शनिवार-रविवारी वायनऱ्यांत मुंबई-पुण्याची गर्दी असते, माहिती सांगणाऱ्याला तुमच्याशी बोलायला वेळ नसतो.

चांदवड-पिंपळगावच्या पट्ट्यात या दिवसांत कांद्याच्या आणि द्राक्षांच्या ट्रॉल्या असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. त्या पट्ट्यातून दिवसाउजेडीच निघा.

नंदुरबारच्या मंडळींसाठी एक सूचना. मोबाइलचा नकाशा कधीकधी वणी-सापुतारा दाखवतो. रस्ता देखणा आहे, पण तो गुजरातेत शिरतो आणि गुजरातेत दारूबंदी आहे. बिल दाखवून सुटका होत नाही. गाडीत बाटली असेल तर सटाणा-ताहाराबाद-पिंपळनेर-साक्री धरा आणि महाराष्ट्रातच राहा. नवापूरकरांनी तर सीमेचं भान जास्तच ठेवावं.

चाखणं

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा या वायनऱ्या जवळजवळ आहेत. व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा इगतपुरी तालुक्यात संजेगावकडे, म्हणजे शहराच्या दुसऱ्या अंगाला. एका दुपारी एकच बाजू आणि जास्तीत जास्त दोन वायनऱ्या. तिसरीत जीभ बधिर झालेली असते, तिथे पैसे वाया जातात. वेळ आधी फोन करून किंवा ऑनलाइन ठरवा. महाराष्ट्रात वाइन-बिअरला वयाची अट २१ आहे, त्याहून कडक दारूला २५. ओळखपत्र जवळ असू द्या.

गाडी चालवणाऱ्याने घोटभरही का घेऊ नये, याचा हिशोब करून बघा. एका प्रकाराला साधारण ३० मि.ली. ओततात. पाच प्रकार म्हणजे १५० मि.ली. वाइन १३ टक्क्यांची धरली तर त्यात १५ ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल. ६५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मि.ली.मागे ३५ मि.ग्रॅ.च्या आसपास पोहोचू शकतं, बाईच्या रक्तात त्याहून जास्त. कायद्याची मर्यादा आहे ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'नुसतं चाखलं' हे उत्तर फुंकनळीला कळत नाही. चालक नसेल तर शहरात मुक्काम करून टॅक्सीने जा-ये करा.

दुपारचं जेवण पोटभर, पण साधं घ्या. टेस्टिंगच्या आधी मिसळ, ठेचा, कच्चा कांदा नको. तंबाखू-गुटख्याची चिमूट दाढेत असेल तर ती जीभ त्या दिवशी विसरा, नुसतं चूळ भरून चव परत येत नाही. अत्तर आणि बॉडी स्प्रेही नको. त्याने तुमचंच नव्हे, शेजारच्याचंही नाक बिघडतं.

क्रम फसफसणारी, पांढरी, रोझे (गुलाबी), लाल आणि शेवटी गोड असा. उलटा गेलात तर लाल वाइनच्या तुरटपणानंतर पांढरी पाण्यासारखी लागते. ग्लास दांडीला धरा. आधी न हलवता वास घ्या, मग गोल फिरवून पुन्हा. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरची, कच्ची कैरी, कापलेलं गवत शोधा. शेनिन ब्लाँ या दुसऱ्या पांढरीत पेरू आणि पिकलं केळं. शिराझ या लाल वाइनमध्ये जांभूळ आणि काळी मिरी. एक घोट तोंडात फिरवा, मग गिळा किंवा टेबलावरच्या भांड्यात थुंका. थुंकण्यात कमीपणा नाही, रोज चाखणारे तेच करतात. दोन प्रकारांमध्ये पाणी प्या आणि आवडलेल्या वाइनचं नाव, साल मोबाइलवर टिपून ठेवा. चौथ्या ग्लासानंतर आठवणीवर भरवसा ठेवू नका.

खरेदीचा हिशोब: ७५० मि.ली.च्या बाटलीत १५० मि.ली.चे पाच ग्लास. शेतावरच्या रात्रीही अडीअडचणीला एक जण न पिता राहतो, म्हणून उरलेल्या पाच जणांना प्रत्येकी दोन धरून दहा ग्लास; तीन बाटल्या पुरून उरतात. दोन पांढऱ्या किंवा रोझे आणि एक हलकी लाल. पांढरी घेताना लेबलवरचं साल बघा; दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी साधी पांढरी स्वस्तात मिळाली तरी नको. पिण्याचा एक दिवसाचा परवाना आणि बिल सोबत असावं.

बाटल्या शेतापर्यंत

जानेवारीतही दुपारी उन्हात बंद उभ्या गाडीत पंचेचाळीस अंशांपर्यंत ताप चढतो. अशा गाडीत तीन तास राहिलेली वाइन शिजल्यासारखी लागते, बूच वर सरकतं, कडेने चिकट ओघळ येतो. ३० लिटरचा आइसबॉक्स घ्या. एक लिटरच्या चार पाण्याच्या बाटल्या तीन चतुर्थांश भरून चोवीस तास फ्रीजरात ठेवा. काठोकाठ भरल्या तर बर्फ फुगून फुटतात. या बाटल्या सुट्या बर्फापेक्षा जास्त टिकतात आणि वितळल्या की प्यायचं पाणी होतं. नाशिकच्या हॉटेलात त्या पुन्हा गोठवून देतात का, ते खोली ठरवतानाच विचारा. आइसबॉक्स डिकीत नको, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा.

शेत कसलं निवडायचं

पाटणादेवीचा परिसर सुंदर आहे आणि भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेखही तिथलाच. पण तो गौताळा अभयारण्याचा भाग आहे. तिथे तंबू, चूल, बाटली काही नाही. सकाळी दर्शनाला जा, मुक्काम ओळखीच्या शेतात. गडकिल्ल्यांवरही बाटली नेऊ नये. लळिंग हायवेलगत आहे म्हणून मोह होतो, तो आवरा. मालकाची परवानगी तोंडी असली तरी रखवालदारापर्यंत पोहोचलेली हवी, नाहीतर रात्री अकराला काठी घेऊन तो येतो आणि चूक त्याची नसते.

सर्वात मोठी चूक नदीपात्रात तंबू टाकण्याची. गिरणेची वाळू गादीसारखी वाटते, पण धरणातून आवर्तन (शेतीचं पाणी) सुटलं की जामदा, दहिगाव बंधाऱ्यांकडे जाणारं पाणी कोरड्या पात्रात रात्रीही येतं. शिवाय वाळूचे ट्रॅक्टर रात्रीच धावतात, लाइट बंद ठेवून. काठापासून वर, मातीच्या टणक जागेवर राहा.

केळीच्या बागेला आणि उसाला लागून तंबू नको. दोन्ही ठिकाणी बिबट्याला लपायला जागा असते. नुकत्याच फवारलेल्या पिकावरून वारा येतो त्या बाजूलाही नको. विहिरीला कठडा नसेल तर उजेडीच दोरी बांधून खूण करा.

काळी माती वाळली की भेगाळते, खुंटी बोटाने उपटते. तंबूसोबत येणाऱ्या बारीक खुंट्यांचा उपयोग नाही. फूटभर लांब लोखंडी खुंटी तिरकी ठोका, डोकं तंबूपासून दूर कललेलं. तरी हलत असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरा आणि दोर त्यांना बांधा. एका गोणीत पंधरा-वीस किलो पुरे. खाली आधी ताडपत्री अंथरा, पण तिची कड तंबूबाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर दव गोळा होऊन आत येतं. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरतो, म्हणून चेन कायम बंद ठेवा. बूट आत घ्या आणि सकाळी झटकून घाला. साप चावला तर बांधाबांध, चिरा, मांत्रिक काही नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालयात. म्हणून गाडी रस्त्याकडे तोंड करून लावा आणि एक जण पूर्ण शुद्धीत ठेवा. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

पाणी: पिण्याला माणशी चार लिटर, वापरायला वीस लिटरचे दोन जार.

भरीत

तीन किलो वांगी घ्या, जळगावची हिरवट-पांढरी, मोठी. आकाराच्या मानाने हलकं लागतं ते उचला, त्यात बिया कमी. प्रत्येकाला तेलाचा हात लावून सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा. न टोचलेलं वांगं फुटतं आणि गरम गर अंगावर उडतो.

चारी बाजूंनी दहा फूट जागा गवत-काडी काढून साफ करा, पाण्याची बादली जवळ ठेवा, वारा सुटला असेल तर थांबा. पऱ्हाट्यांचा वीतभर थर, त्यावर वांगी, वरून पुन्हा पऱ्हाट्या. पऱ्हाट्या मागच्या वर्षीच्या, ढिगातल्या घ्या. त्या नसतील आणि नव्यांवर शेवटची फवारणी नुकतीच झाली असेल तर तुरकाठ्या वापरा. जाळ दहा मिनिटांत बसतो, मग निखाऱ्यात वांगी फिरवत राहा, एकूण वीस मिनिटं. कच्चं राहतं ते देठाजवळ, तिथेच काडी खुपसून बघा. झाकून दहा मिनिटं ठेवा, मग गरम असतानाच साल काढा. पाण्याखाली धरू नका, धूर धुऊन जातो आणि सगळी मेहनत त्या धुरासाठीच असते.

एरवी तीन किलोला दोनशे ग्रॅम हिरवी मिरची घालतात. वाइनसोबत शंभर घ्या. अल्कोहोलने तिखटाची आग वाढते आणि दोन घासांनंतर कशाचीच चव कळत नाही. मिरच्या निखाऱ्यावर भाजून शंभर ग्रॅम लसूण आणि मिठासोबत बडगीत (भरिताच्या लाकडी भांड्यात) कुटा, मग वांगी घालून ठेचा. पाव लिटर तेलात जिरे, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात परता आणि वर ओता, कोथिंबीर सढळ हाताने. सोबत पुऱ्या किंवा कळण्याची भाकरी. तिचं पीठ ज्वारी चार भाग, उडीद एक भाग, घरूनच दळून न्या.

कोथिंबीर-पातीच्या या वासाला सोव्हिन्यों ब्लाँ फार जवळची आहे, किंचित गोडसर शेनिन त्याहून सोपी. शेवभाजी असेल तर गार रोझे. शेव वेगळी ठेवून वाढताना घाला, नाहीतर लगदा होतो. जड लाल कॅबरने या जेवणासोबत नको, तुरटपणा आणि तिखट एकमेकांना चिडवतात. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण आपल्या खोलीचं तापमान तीस असतं. तीही वीस मिनिटं बर्फाजवळ ठेवा. पांढरी आठ-दहा अंशांवर हवी. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर जाडं मीठ घालून बाटली बुडवा, वीस मिनिटांत गार होते. उघडायला बूच असेल तर कॉर्कस्क्रू, फिरकीचं झाकण असेल तर हात. बूच मोडलं तर आत ढकला आणि चहाच्या गाळणीतून ओता, वाइनला काही होत नाही.

थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा निखाऱ्याची पाटी तंबूत नेऊ नका, त्यातला विषारी वायू झोपेतच माणूस मारतो.

सकाळी निखाऱ्यावर पाणी ओतून, काठीने ढवळून, पुन्हा ओता. हात टेकवता आला की विझलं समजा. बाटल्या मोजून खोक्यात परत घाला: तीन आणल्या तर तीन. नांगरटीत सापडलेली काच बैलाच्या खुरात जाते नाहीतर ट्रॅक्टरच्या टायरात, आणि पुढच्या वर्षी ते शेत मागायचं तोंड राहत नाही.