जखम सुकवू नका, ओलसर ठेवा: पट्टी कशी लावायची

“वारा लागू दे, खपली धरली की बरी होते,” हे गावात कोणीही सांगतं. पण नवी कातडी कडांकडून सरकत येते ती ओलीवरून. वर कडक खपली असली की तिला खालून वाट काढावी लागते. 1962 मध्ये संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमा पातळ प्लास्टिकने झाकल्या, तेव्हा कातडी उघड्या जखमांपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने आली.

विळ्याचा उथळ काप, पऱ्हाटीच्या धसकटाने खरचटलेली पोटरी, यांना ओल धरून ठेवणारी पट्टी चालते. तोंड उघडलेली खोल जखम, आत राहिलेला काटा, पू धरलेली जखम झाकून टाकू नका. कुत्रा चावला तर 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि पट्टी न लावता दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का, तेही आरोग्य केंद्रात विचारा.

आधी हात साबणाने धुवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, त्याची धार सोडून माती काढा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका. हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्पिरिटही नको, ते नव्या पेशी मारतं. मग भोवतालची कातडी टिपून पूर्ण कोरडी करा. घाई नेमकी इथेच होते, आणि तेलकट किंवा घामट कातडीवर पट्टी धरत नाही.

कमी पाझरणाऱ्या जखमेला हायड्रोकोलॉइड पट्टी (पाझर शोषून आतून जेलीसारखी होणारी चिकट पट्टी), जास्त पाझरणाऱ्या जखमेला फोमची, म्हणजे स्पंजासारखी. जखमेच्या चहूबाजूंनी 2-3 सेंटिमीटर जास्त येईल एवढी कापा, तळहातांत धरून कोमट करा, मधून कडांकडे मिनिटभर दाबा. मे महिन्यात घामाने कडा सुटतात, म्हणून वरून चिकटपट्टी फिरवा. रोवणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर बांधीत उतरू नका; गढूळ पाणी आत शिरलं की पट्टी काढावीच लागते.

पट्टी मिळाली नाही तर ट्यूबमधलं साधं पेट्रोलियम जेली पातळ लावा, वर निर्जंतुक गॉज बांधा, रोज बदला.

हायड्रोकोलॉइड कडा धरून असेल तर 3 ते 7 दिवस ठेवता येते. मधला फुगवटा कडेपर्यंत आला की बदला. काढताना ओरबाडू नका, कातडीला समांतर ताणा. खाली पिवळसर, वास येणारा चिकट द्रव दिसेल. लोक त्याला पू समजून घाबरतात. बहुतेकदा ती विरघळलेली पट्टीच असते. धुवून मगच जखम पाहा. भोवतालची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली असेल तर ओल जास्त होतेय: लवकर बदला किंवा फोम वापरा.

लाली पसरली, ठणका वाढला, ताप आला, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) उठलं, तर पट्टी काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल किंवा पाय बधिर असतील तर पायाच्या जखमेवर काहीही लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा; टाचेवरची काळी कोरडी खपली घरी भिजवू नका.