गाडीने तीन-चार महिने फिरताना: महिन्याचा हिशेब आणि हॉटेलचे पॉइंट

पुण्याहून निघून कोकण, गोवा, कर्नाटक, केरळ असा तीन-चार महिन्यांचा गाडीप्रवास करायचा, तर हिशेबाचा पाया एकच: खर्च ज्या दिवशी वापरला त्या दिवशी मांडायचा, खात्यातून पैसे कधी गेले त्याला दुय्यम मानायचं. नोव्हेंबरच्या मुक्कामाचं बुकिंग ऑक्टोबरात आगाऊ केलं आणि ते ऑक्टोबरात लिहिलं, की ऑक्टोबर उगाच महाग दिसतो, नोव्हेंबर स्वस्त. मग त्या भरवशावर डिसेंबरात हात सैल सुटतो.

राहण्याची नोंद म्हणूनच रात्रीप्रमाणे करावी. २९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर असा पाच रात्रींचा मुक्काम १५,००० रुपयांना असेल तर २९, ३०, ३१ या तीन रात्रींचे ९,००० ऑक्टोबरात आणि उरलेल्या दोन रात्रींचे ६,००० नोव्हेंबरात. प्रवासातल्या प्रत्येक रात्रीला क्रमांक द्या: १, २, ३ असा शेवटपर्यंत. हाच क्रमांक पुढे पॉइंटच्या पानावरही लागतो. पॉइंट म्हणजे हॉटेलसाखळीच्या सदस्य योजनेत मुक्कामावर मिळणारे गुण, ते पुढे खोलीसाठी वापरता येतात.

गुगल शीटमध्ये दोन पानं पुरतात, ‘खर्च’ आणि ‘पॉइंट’. खर्चाच्या पानावर तारीख, रात्र-क्रमांक, गाव, प्रकार, रक्कम, कशाने दिले, शेरा एवढेच रकाने ठेवा. प्रकार आठच: राहणं, खाणं, इंधन, टोल-पार्किंग, गाडी, तिकिटं, किरकोळ, घर. चहा वेगळा, नाश्ता वेगळा असं सुरू केलं की दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो आणि वही बंद पडते. प्रकाराच्या रकान्याला ड्रॉपडाउन लावाच. हाताने लिहिताना एकदा ‘इंधन’ आणि एकदा ‘इन्धन’ लिहिलं गेलं तर महिनाअखेरीच्या पिव्होट टेबलात (प्रकारवार बेरीज करून देणाऱ्या तक्त्यात) त्या दोन वेगळ्या ओळी होतात आणि दोन्ही बेरजा चुकीच्या दिसतात.

फोनवर ही शीट ऑफलाइन उपलब्ध करून ठेवा, कारण घाटात आणि जंगलाच्या पट्ट्यात नेट जातं. उत्तरेकडे जाणार असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: दुसऱ्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. सिम बंद म्हणजे वायफायशिवाय यूपीआयही बंद, म्हणून तिथे रोख जास्त बाळगावी लागते.

एसएमएस वाचून आपोआप खर्च नोंदवणारी अ‍ॅप सोयीची वाटतात, पण प्रवासात ती दोन बाजूंनी चुकतात. पहिली चूक यूपीआय लाइटची, म्हणजे छोट्या रकमांसाठी आधी पैसे भरून ठेवायच्या पाकिटाची. लाइटमध्ये पैसे भरले तेवढीच एक नोंद बँकेच्या स्टेटमेंटमध्ये येते. नारळपाणी, वडापाव, पार्किंग असे छोटे व्यवहार फक्त यूपीआय अ‍ॅपमध्ये दिसतात. दुसरी चूक त्याच्या उलट, एकच खर्च दोनदा धरण्याची. एटीएममधून काढलेली रक्कम, फास्टॅगचा रिचार्ज आणि क्रेडिट कार्डाचं बिल हे तिन्ही खर्च नव्हेत, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे आहेत. खर्च म्हणजे नाक्यावर कापलेला टोल, कार्ड घासून भरलेलं डिझेल, रोखीने दिलेलं जेवणाचं बिल. दर रविवारी पाकीट मोजा. हिशेबाप्रमाणे उरायला हवी ती रक्कम आणि हातातली रक्कम यांतला फरक ‘किरकोळ’मध्ये टाका. आठवड्याला तो ५०० रुपयांच्या वर जायला लागला तर एखादा नेहमीचा खर्च लिहायचा राहतोय असं समजा. बहुधा ती टिप किंवा पार्किंग असते.

टोलचं गणित वार्षिक पासाने बदललं आहे. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप, व्हॅनसाठी ३,००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते, असा पास सुरू झाला. म्हणजे तेव्हा फेरीला १५ रुपये. पण तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या अखत्यारीत आहेत, तिथे टोल नेहमीसारखा फास्टॅगच्या शिलकीतून कापला जातो. पास आहे म्हणून शिल्लक शून्यावर आणली की नेमकं तिथे अडायला होतं. फास्टॅग चालला नाही तर राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावर यूपीआयने सव्वापट टोल बसतो. प्रवासानंतर पास फारसा वापरला जाणार नसेल तर पासाचे पैसे प्रवासाच्या महिन्यांतच वाटून टाका, बारा महिन्यांवर पसरू नका.

इंधनाच्या नोंदीत रुपयांबरोबर शेऱ्यात लिटर आणि ओडोमीटरचा आकडाही हवा. टाकी फुल ते टाकी फुल अशीच मोजणी करा: ३८ लिटरमध्ये ५७० किलोमीटर झाले तर लिटरला १५. घाटात हा आकडा पडणारच. सपाट रस्त्यावर १५ वरून १३ वर आला तर टायरची हवा आणि एअर फिल्टर बघा. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नसल्यामुळे राज्याच्या व्हॅटप्रमाणे दर बदलतो. गोव्यात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं, तेव्हा सावंतवाडीत टाकी फुल करून सीमा ओलांडण्यात अर्थ नाही.

गाडीची झीज बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत, आणि लांबच्या प्रवासात सगळ्यात मोठा धक्का तीच देते. ती किलोमीटरवर बसवा. समजा, १०,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग ८,००० रुपये, म्हणजे ८० पैसे. चार टायर २४,००० रुपयांचे आणि ४०,००० किलोमीटर चालणारे, म्हणजे ६० पैसे. मिळून किलोमीटरला १ रुपया ४० पैसे. महिन्यात ३,००० किलोमीटर झाले तर ४,२०० रुपये ‘गाडी’ या प्रकारात जमा धरा, गॅरेजचं बिल आलेलं नसलं तरी. बिल येईल तेव्हा ते या जमेतून वजा करायचं, नव्याने खर्चात लिहायचं नाही.

‘घर’ या प्रकारात सोसायटीचा मेंटेनन्स, बंद घराच्या विजेचा स्थिर आकार, कामवाल्या मावशींचा पगार, कर्जाचा हप्ता. हे पैसे प्रवासाचे नाहीत, पण त्याच खात्यातून जातात. वेगळे दाखवले नाहीत तर प्रवास किती महाग पडतोय ते कधीच कळत नाही.

आता हॉटेलं. दर लिहिताना मूळ दर आणि कर वेगळे लिहा, कारण पॉइंट मूळ दरावर मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. त्यामुळे ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दरात २०० चा फरक, खिशाला जवळपास १,२०० चा. या सीमेच्या आसपासचा दर दिसला की तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करून बघाच.

पॉइंटच्या पानावर रात्र-क्रमांक, साखळीचं नाव, बुकिंग कुठून केलं, कन्फर्मेशन क्रमांक, मूळ दर, अपेक्षित पॉइंट, जमा झालेले पॉइंट आणि जमेची तारीख हे रकाने हवेत. मॅरियट बॉनव्हॉय आणि हिल्टन ऑनर्स या साखळ्यांच्या सदस्य योजनांमध्ये बहुतेक ब्रँडना डॉलरमागे १० पॉइंट मिळतात, आणि साधारणपणे हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून किंवा अ‍ॅपवरून बुकिंग केलं तरच. प्रवासी पोर्टलवरून घेतलेल्या खोलीला पॉइंटही नाहीत आणि सदस्याच्या वरच्या (एलिट) दर्जासाठी धरल्या जाणाऱ्या रात्रीही नाहीत. म्हणून दरवेळी तुलना पैशात करा. ६,००० चा मूळ दर, डॉलर ९० रुपये धरला तर साधारण ६६७ पॉइंट. एका पॉइंटची किंमत ६० पैसे धरली तर ४०० रुपये परत. पोर्टलवर तीच खोली ५,४०० ला मिळत असेल तर पोर्टल घ्या. ५,८०० ला असेल तर थेट बुकिंग बरं.

पॉइंटची किंमत जाहिरातीवरून धरू नका, स्वतः काढा. ज्या रात्री पॉइंट वापरायचा विचार आहे त्या रात्रीचा करासहित रोख दर भागिले मागितलेले पॉइंट. करासह ६,३०० ची खोली १०,००० पॉइंटना असेल तर पॉइंटला ६३ पैसे. तुमच्या ठरवलेल्या किमतीपेक्षा कमी येत असेल तर रोख द्या, पॉइंट राखा. काही योजनांमध्ये ही किंमत ठरलेलीच असते: अकोरचे (नोव्होटेल, इबिस वगैरेंची साखळी) २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, ताज आणि जिंजरमध्ये वापरता येणारा टाटांच्या योजनेतला एक नूकॉइन म्हणजे एक रुपया. तिथे वाट बघून फायदा वाढत नाही, लवकर खर्चून मोकळं व्हावं. मॅरियटमध्ये मात्र पॉइंटवर सलग पाच रात्री घेतल्या तर एका रात्रीचे पॉइंट लागत नाहीत, तेव्हा साठवून एकाच गावी लांब मुक्काम करणं फायद्याचं.

पॉइंटने काढलेली रात्र खर्चाच्या पानावर शून्य रुपये लिहा आणि शेऱ्यात वापरलेले पॉइंट. तिथे ६,३०० लिहून पुढे ‘वाचले’ म्हणून वजा करू नका, सरासरी बिघडते. मिळालेले पॉइंटही उत्पन्न म्हणून धरू नका.

चेक-इनच्या वेळी काउंटरवर विचारा की सदस्य क्रमांक बुकिंगला जोडलेला आहे ना. नवरा-बायकोत बुकिंग एकाच्या नावावर आणि क्रमांक दुसऱ्याचा, हे पॉइंट अडकण्याचं नेहमीचं कारण. दुसरं कारण म्हणजे एकाच हॉटेलात लागून घेतलेली दोन बुकिंग: ती बहुधा एकच मुक्काम म्हणून धरली जातात, त्यामुळे ‘दोन मुक्कामांवर बोनस’ अशा योजनेत गणित फसतं. निघताना सविस्तर बिल ईमेलवर मागून घ्या, नुसती कार्डाची पावती चालत नाही. दहा-बारा कामाच्या दिवसांत पॉइंट आले नाहीत तर त्या बिलासह मागणी नोंदवा.

पॉइंटच्या मुदतीसाठी आणखी एक रकाना ठेवा; तो ‘शेवटची हालचाल’, म्हणजे पॉइंट मिळाले किंवा वापरले, या तारखेवर चालतो. मॅरियट आणि हिल्टनमध्ये २४ महिने काही हालचाल नसली की पॉइंट जातात, आयएचजीमध्ये (हॉलिडे इनची साखळी) एलिट दर्जा नसलेल्या सदस्यांचे १२ महिन्यांत. वर्षातून एकदाच बाहेर पडणाऱ्यांनी पाच साखळ्यांत पॉइंट विखरून ठेवण्यापेक्षा दोनच निवडाव्यात. आणि एमटीडीसीच्या निवासात किंवा गावातल्या चांगल्या लॉजमध्ये २,५०० ला खोली मिळत असेल तर पॉइंटसाठी ६,००० ची घेऊ नये, ४०० रुपये परत येऊनही ती महागच.

महिन्याच्या १ तारखेला पिव्होट टेबल काढा आणि प्रत्येक प्रकाराची बेरीज रात्रींच्या संख्येने भागा, इंधन आणि गाडी मात्र किलोमीटरने. राहण्याचा आकडा वाढला तर पुढच्या महिन्यात मुक्काम लांब करा, कारण सात रात्रींना दर कमी करून मागता येतो, एका रात्रीला नाही. घरी पोचल्यावर शीट लगेच बंद करू नका. उशिरा कापलेले टोल, रद्द बुकिंगचे परतावे आणि शेवटच्या मुक्कामांचे पॉइंट यायला आणखी तीन-चार आठवडे लागतात. ते सगळे त्या-त्या रात्रीसमोर लिहून झाल्यावरच शेवटची बेरीज मारा.