सीमाभागात राष्ट्रीय पक्षाचे चढउतार कसे वाचावेत

निकालाच्या दिवशी बेळगावच्या चौकांत जी चर्चा रंगते, ती कोण निवडून आले आणि कोण पडले एवढ्यावरच बेतलेली असते. कर्नाटकातील या मराठीभाषक सीमाभागात एवढ्यावर काढलेला निष्कर्ष बहुधा फसतो. येथे काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांच्याखेरीज, हा भाग महाराष्ट्रात यावा यासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे म्हणून एक मत आहे. ते एकवटले, फुटले किंवा अन्यत्र वळले की राष्ट्रीय पक्षाचे नशीब पालटते, मग त्या पक्षाचा स्वतःचा मतदार जागचा हलला नसला तरीही. काँग्रेसचा येथील प्रवास समजून घेऊ इच्छिणाऱ्याने आकड्यांकडे कसे पाहावे, याची ही पद्धत आहे.

सर्वप्रथम मतदारसंघांच्या सीमा नीट पाहाव्यात. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या १८ जागा आहेत, परंतु त्या सर्व एकाच लोकसभा मतदारसंघात येत नाहीत. खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतात, तर निपाणी, चिक्कोडी-सदलगा, अथणी, कागवाड, कुडची, रायबाग, हुक्केरी आणि यमकनमर्डी हे चिक्कोडीत येतात. त्यामुळे ‘बेळगाव लोकसभेत मराठी माणसाने काय केले’ या प्रश्नाच्या उत्तरात खानापूरचा मराठी मतदार धरता येत नाही, ही गोष्ट जाणकारही विसरतात. शिवाय २००८ मध्ये नव्या पुनर्रचनेनुसार निवडणूक झाली तेव्हा उचगाव आणि बागेवाडी हे जुने मतदारसंघ नकाशावरून गेले आणि बेळगाव उत्तर, दक्षिण व ग्रामीण अशी मांडणी झाली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एकाच ओळीत लिहून तुलना करू नये.

यानंतर जागा बाजूला ठेवून प्रत्यक्ष मते लिहावीत. कर्नाटक विधानसभेचे उदाहरण बोलके आहे. भाजपला २०१८ मध्ये सुमारे ३६ टक्के मतांवर १०४ जागा मिळाल्या आणि २०२३ मध्ये जवळपास तेवढ्याच टक्क्यांवर केवळ ६६. मात्र याहूनही शिकण्यासारखे आहे ते खानापूर. २०१८ मध्ये तेथे काँग्रेसच्या अंजली निंबाळकर ३६ हजारांच्या थोड्या पुढे मते घेऊन निवडून आल्या. २०२३ मध्ये त्यांना ३७ हजारांच्या पुढे, म्हणजे आधीपेक्षा किंचित अधिकच मते पडली, तरीही भाजपचे विठ्ठल हलगेकर यांच्याकडून त्या ५४ हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाल्या. पहिल्या वेळी विरोधी मते अनेक उमेदवारांत विखुरली होती, दुसऱ्या वेळी ती भाजपमागे गोळा झाली. अशा निकालाला ‘काँग्रेसची लाट ओसरली’ असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण २०१८ मध्ये लाट नव्हतीच. म्हणून प्रत्येक मतदारसंघासाठी काँग्रेस, भाजप, समिती (बंडखोरांसह) आणि उर्वरित असे चार रकाने करावेत. मतदान न केलेल्यांचा पाचवा रकाना ठेवावा, तो सहसा कोणी ठेवत नाही.

त्या पाचव्या रकान्याची गरज बेळगाव लोकसभेच्या २०२१ मधील पोटनिवडणुकीत दिसते. भाजपचे सुरेश अंगडी यांनी २०१९ मध्ये ३ लाख ९१ हजारांच्या फरकाने जागा जिंकली होती. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी, भाजपच्या मंगला अंगडी यांनी काँग्रेसचे सतीश जारकीहोळी यांच्यावर अवघ्या ५,२४० मतांनी मात केली. समितीच्या शुभम शेळके यांना सुमारे १ लाख १७ हजार मते मिळाली. हा आकडा पाहून समितीने भाजपला जेरीस आणले, असे सर्रास बोलले गेले, आणि ते अर्धेच खरे आहे. वजाबाकी केल्यास भाजपची मते सव्वातीन लाखांच्या आसपास घटलेली आणि काँग्रेसची ६४ हजारांच्या आसपास वाढलेली दिसतात. समितीची मते आणि काँग्रेसची वाढ एकत्र केली तरी भाजपची घट भरून निघत नाही. बराच मतदार त्या कोरोनाच्या दिवसांत घरीच राहिला होता.

मराठीबहुल पट्ट्याबाहेर ही पद्धत तशीच्या तशी चालत नाही, कारण तेथे मतदार चिन्हापेक्षा माणसाला धरून असतो. अथणीत २०१८ मध्ये काँग्रेसचे महेश कुमठळ्ळी यांनी भाजपचे लक्ष्मण सवदी यांना हरवले. पुढे कुमठळ्ळी भाजपमध्ये गेले, २०२३ पूर्वी सवदी काँग्रेसमध्ये आले आणि त्यांनी कुमठळ्ळींना हरवले. कागदावर काँग्रेसने दोन्ही वेळा बाजी मारली, पण दोन्ही वेळचे मतदार तेच होते असे कोण म्हणेल? अशा ठिकाणी पक्षाच्या रकान्याशेजारी उमेदवाराचे नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

खरे काम मतदान केंद्रनिहाय आकड्यांत आहे. निवडणूक अधिकारी अंतिम निकाल फॉर्म २० मध्ये नोंदवतात आणि त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला पडलेली मते असतात. बेळगाव परिसरातील शहापूर, वडगाव, अनगोळ किंवा येळ्ळूर येथील केंद्रे निवडून सलग दोन-तीन निवडणुकांची मते शेजारी-शेजारी मांडावीत. केंद्रांचे क्रमांक निवडणुकागणिक बदलतात, त्यामुळे क्रमांकावर न जाता शाळेच्या नावावरून केंद्र ओळखावे. फॉर्म २० पक्षाची मते सांगतो, मतदाराची भाषा किंवा जात सांगत नाही. एका गल्लीवरून साऱ्या मराठी समाजाविषयी बोलण्याचा मोह येथे आवरावा लागतो.

काँग्रेसविषयीच्या जुन्या रागाचे मूळ पाहायचे असेल, तर तक्ता १९५७ पासून सुरू करावा. १९२४ मध्ये याच बेळगावात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, त्याची आठवण देणारी काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. त्याच पक्षाच्या सरकारच्या काळात १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि मराठी मतदार समितीकडे वळला. समितीचे मत घटत गेले तसे ते काँग्रेसकडे परत न येता मोठ्या प्रमाणात भाजपकडे गेले, असे माझे वाचन आहे. मात्र ते मतदारसंघ बदलून तपासून पाहावे. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापूर या दोन्ही जागा समितीने जिंकल्या होत्या, आणि २०२३ मध्ये त्या दोन्हींवर भाजप आहे. बेळगाव ग्रामीणमध्ये मात्र २०१८ आणि २०२३ या दोन्ही वेळा काँग्रेसच्या लक्ष्मी हेब्बाळकर विजयी झाल्या. तेथील मराठी गावांची केंद्रे वेगळी काढून पाहिल्याखेरीज माझे वाचन पूर्ण जिल्ह्याला लावू नये.

बेळगाव महापालिकेचे आकडे या तक्त्यात जोडताना २०२१ च्या मागे जाऊ नये. त्या वर्षीच पक्षांनी प्रथमच आपल्या चिन्हांवर निवडणूक लढवली आणि भाजपने ५८ पैकी ३५ प्रभाग जिंकले. त्यापूर्वीच्या नगरसेवकांचा पक्ष कोणता, हे निकालपत्रावरून कळत नाही.