सिट-स्की शिकवायची आहे? आधी बकेटकडे बघा

सिट-स्की म्हणजे उभ्यानं स्की करता न येणाऱ्यांनी बसून चालवायची स्की, आणि तिची सीट म्हणजे बकेट. एका स्कीची मोनोस्की कोणाला, दोन स्कींची बायस्की कोणाला, आउटरिगर (हातात धरायच्या, टोकाला छोटी स्की असलेल्या काठ्या) किती लांब ठेवायचे हे तुम्ही प्रशिक्षणात शिकला असालच. मी चुकले ते त्याहून साध्या कामात, विद्यार्थ्याला सीटमध्ये बसवण्यात.

पहिल्या मोसमातला माझा एक विद्यार्थी, मणक्याच्या इजेमुळे छातीखाली संवेदना नसलेला. डावीकडे छान वळायचा, उजवीकडे दरवेळी पडायचा. दोन दिवस मी त्याला ‘नजर पुढे, खांदा सोड, आउटरिगर पुढे घे’ असं सांगत राहिले. आपल्यालाच जमत नाही, असं त्यानं मनाशी धरलं. ते आठवलं की आजही पोटात तुटतं. तिसऱ्या दिवशी एका जुन्या प्रशिक्षकानं त्याच्या कमरेशेजारी बकेटमध्ये हात घातला. उजव्या बाजूला चार बोटं सहज आत गेली. तिथला फोम सरकला होता. विद्यार्थी झुकत होता, पण आधी त्या पोकळीत घसरत होता. झुकणं स्कीपर्यंत पोचतच नव्हतं.

उभ्यानं स्की करणाऱ्याला जसा बूट, तशी इथे बकेट. कंबर, मांड्या, पाठ कुठेच फट नको. वळण बिघडलं की आधी फट शोधा, मग तंत्राबद्दल बोला.

पण फट नको म्हणून पट्टे करकचून आवळलेत, तर त्याहून मोठं नुकसान कराल. संवेदना नसलेल्या त्वचेला टोचलेलं कळत नाही. पँटची चुणी किंवा मागच्या खिशातलं पाकीट एवढ्यानंही दाबाची जखम होते, आणि ती भरायला आठवडे, कधी महिने जातात. ‘दुखतंय का?’ हे विचारून भागत नाही. हात घालून तपासा, दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर असेल, तर असा दाब किंवा तुंबलेली लघवी रक्तदाब एकदम चढवू शकते. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. तिथेच थांबा, ताठ बसवा, पट्टे सैल करा, कारण शोधा, वैद्यकीय मदत बोलवा. यात जीव जाऊ शकतो.

महागडं उपकरण आणलं की शिकवणं सोपं होतं, हे मला पटत नाही. यूटा विद्यापीठात तयार झालेली टेट्रास्की जॉयस्टिकनं किंवा नळीत फुंकून-ओढून चालवता येते. ज्याचे हात चालत नाहीत तो स्वतः वळण घेतो, हे मला फार मोलाचं वाटतं. पण तिथेही माणूस नीट बसवावाच लागतो. टेदर, म्हणजे मागून धरलेला सुरक्षेचा पट्टा, ओढून विद्यार्थ्याची सगळी वळणं आपणच घेणारे प्रशिक्षक तर मला अजिबात आवडत नाहीत. टेदर सुरक्षेसाठी आहे. गुरू असा शोधा, जो स्वतः बकेटमध्ये बसून उतार उतरलाय.

सुरुवातीला वेळ लागला तर घाबरू नका. फोम बदलल्यावर त्या विद्यार्थ्यानं त्याच दुपारी उजवं वळण घेतलं. नवा माणूस बसवायला मला अजूनही अर्धा तास लागतो.