पत्रा उघडा करायचा, पण एका वेळी एकच

गोव्यात जुनी अँबॅसडर किंवा पद्मिनी गाडी नव्या रंगासाठी पत्र्यापर्यंत खरवडायची असेल तर जून ते सप्टेंबर हात लावू नका. खाऱ्या दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. इतर महिन्यांतही एका वेळी एकच भाग उघडा करा आणि त्याच दिवशी त्यावर टू-पॅक (दोन घटक मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर मारा. साधा सरफेसर (रंगाखाली पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर) चालत नाही. तो ओलावा शोषतो आणि पुढे रंगाला फोड येतात.

छत, बॉनेट आणि दरवाजे यांवर सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) नकोच, सपाट पत्रा लाटा मारतो. तिथे पेंट रिमूव्हर लावून वर प्लॅस्टिक पसरा, रंग सुरकुतला की खरवडा. रिमूव्हरला टिकणारे रबरी हातमोजे आणि खेळती हवा हवीच. सांध्यांत रिमूव्हर शिरू देऊ नका. तो राहिला तर नवा रंग तिथूनच सुटतो. पुट्टीचे जाड थर ८० नंबरच्या सँडपेपरने काढा, ग्राइंडर एका जागी दाबून धरू नका, पत्रा तापून वाकतो. पुट्टीखाली बहुधा गंजकी भोकं निघतात, वेल्डिंगचा खर्च आधीच धरा. शेवटी १८० नंबर, मग ग्रीस रिमूव्हर. त्यानंतर उघड्या हाताने स्पर्श नाही, घामाचे ठसेही गंजतात.